फ्रिजवरचा तक्ता

मुलांनो,

तुमच्या नात्यातला किंवा आळीतला एखादा दादा, एखादी ताई शिकायला परदेशी गेली असेल. विमानतळावरचे हार, पेढे, फोटो आपण सगळे बघतो. पण विमान उतरल्यावर ती राहते कुठे, जेवते काय, चादरी कोण धुतं? हे फारसं कुणी विचारत नाही. आज तेच बघू या. उदाहरण घेऊ जर्मनीचं, कारण हल्ली आपली बरीच मुलं-मुली तिकडे जातात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. राहण्याजेवणाचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा.

विद्यार्थ्यांची बरीच वसतिगृहं तिथे 'श्टुडीरेंडनवेर्क' नावाच्या संस्था चालवतात. विद्यापीठाची खाणावळही त्याच चालवतात, तिला म्हणतात 'मेन्झा'. खोल्या कमी आणि मागणारे फार, त्यामुळे पुष्कळ शहरांत महिनोन् महिने थांबावं लागतं. खोली मिळाली की आत असतं काय? खाट, टेबल, खुर्ची, कपाट. स्वयंपाकघर बहुधा चार-सहा जणांत एक. डबा देणाऱ्या मावशी नाहीत, की भांडी घासायला कुणी नाही!

गेल्या गेल्या पहिलं काम म्हणजे पत्रपेटीवर आपलं नाव लावायचं. तिथला पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत! आणि बँकेचं कार्ड, विम्याचे कागद बहुतेक पोस्टानेच येतात. दुसरं काम, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवायचा. त्यासाठी जागा देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो.

मग येतात घरातले नियम. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारीच आणून ठेवायची. कागदाचा कचरा वेगळा, वेष्टनांचा वेगळा, भाजीपाल्याच्या सालींचा वेगळा. काचेच्या बाटल्या तर रंगानुसार वेगळ्या टाकायच्या, आणि त्याही रविवारी नाही, कारण खळखळाट होतो! पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानात परत केली की २५ सेंट मिळतात. कडाक्याच्या थंडीतही रोज थोडा वेळ खिडकी सताड उघडायची. नाहीतर आतली दमट हवा भिंतीवर बसते आणि बुरशी येते. आणि हो, खोल्यांच्या छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. आपल्या मोहरी-मिरचीच्या फोडणीला आणि आगीला ते सारखंच समजतं. असं कोकलतं, की सगळा मजला गोळा होतो!

हे सारं आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. अवघड असतं ते वेगळंच.

आमच्या शाळेत शिकलेला एक मुलगा तिकडे गेला. अभ्यासात हुशार, पण घरी त्याने कधी स्वतःचं ताटसुद्धा उचललेलं नव्हतं. पहिले तीन आठवडे तो स्वयंपाकघरात गेलाच नाही. इतर मुलं तिथे हसत-बोलत रांधायची, हा खोलीत बसून पाव खायचा. डिसेंबरात तिथे चार-साडेचारलाच अंधार पडतो. त्याचं रात्रीचं जेवण आठला आटपायचं, तेव्हा आपल्याकडे साडेबारा वाजलेले, आई झोपलेली. सकाळी आईचा फोन आला की म्हणायचा, "सगळं छान आहे."

एके दिवशी फ्रिजवर सफाईचा नवा तक्ता लागला. या आठवड्यात कुणी काय करायचं, त्याची पाळी. त्यात त्याचंही नाव होतं: 'शेगडी आणि ओटा'. तो घाबरलाच. शेगडी पुसतात कशी, हेच ठाऊक नव्हतं! शेजारच्या खोलीतल्या मुलाने काही न बोलता हातात फडकं दिलं आणि करून दाखवलं. काम झाल्यावर दोघांनी त्याच शेगडीवर खिचडी केली. त्याने मला लिहिलं, "बाई, तक्त्यात नाव आलं त्या दिवशी मी तिथे राहायला गेलो."

अशी मैत्री केवढी मोलाची असते, ते आपल्या इतिहासातही दिसतं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तिथल्या लिव्हिंग्स्टन हॉल वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. आणि तेच भीमराव १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना! परक्या देशात ज्यांना सोबती मिळाला, त्यांना आपल्याच माणसांनी दार उघडलं नाही.

तेव्हा मुलांनो, परदेशी जाल तेव्हा जाल. तुमच्या वर्गात यंदा दुसऱ्या गावाहून आलेलं कुणी असेलच. मधल्या सुट्टीत ते एकटंच डबा खातं का, बघा. त्याला हाक मारा, आणि फळा पुसायच्या पाळीत त्याचंही नाव घाला.

पालकांनाही एक सांगणं. मूल लांब असलं की "जेवलास का?" एवढंच विचारू नका. "आज कुणाशी बोललास?" हेही विचारा. आणि "सगळं छान" या उत्तरावर लगेच फोन ठेवू नका.

आता या रविवारचा उद्योग. घरातल्या सगळ्यांच्या कामांचा एक तक्ता करा आणि भिंतीवर लावा. ताई आणि दादा दोघांची नावं त्यात हवीत, बाबांचंही! तुमच्या नावापुढे कुठलं काम आलं, ते मला पत्राने जरूर कळवा.

तुमच्या,
बाई