शर्यतीचे घोडे आणि चाकरीचा कागद

हडपसरच्या एखाद्या तरुणानें शर्यतीच्या घोड्यांजवळ चाकरी धरण्याचें मनांत आणिलें, तर त्यानें अर्ज कोणाकडे करावा? या साध्या प्रश्नाचें सरळ उत्तर त्यास गांवांत कोणी देईल असें आम्हांस वाटत नाहीं. वास्तविक सोलापूर रस्त्यानें पुण्याकडे निघालें म्हणजे लष्करांतील शर्यतींचें मैदान त्याच्या वाटेवरच लागतें. तें १८३० सालचें. पावसाळ्यांत तेथें शर्यती होतात, आणि हिवाळा लागला कीं घोडे, माणसें, दाणावैरण असा सारा संसार मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानाकडे हलतो. दोन्ही ठिकाणची व्यवस्था रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबाकडे आहे. इतका जुना धंदा शेजारीं असावा आणि त्याचें दार कोणत्या बाजूस आहे हें शेजाऱ्यास ठाऊक नसावें, यांत दोष शेजाऱ्याचा नव्हे.

शर्यती म्हटल्या कीं आमचे कित्येक वाचक कपाळास आठ्या घालतात. पैजेच्या नादानें घरेंदारें बुडतात, हें त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. घोड्यांची शर्यत हा केवळ नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ठरविलें खरें. पण त्या निर्णयानें हरलेल्याच्या घरांतली चूल पेटत नाहीं. तथापि पैज लावणारा निराळा आणि घोडा राखणारा निराळा. एकाच्या व्यसनाचा विटाळ दुसऱ्याच्या कष्टांस कां लागावा?

घोडा राखणारा मोतद्दार, ज्यास तबेल्यांत सईस म्हणतात, तो उजाडण्यापूर्वीं उठतो. ठाण साफ करावें, दाणा द्यावा, खरारा करावा, खोगीर चढवून घोडा रायडिंग बॉयच्या हवालीं करावा, आणि तो मैदानावरून घामाघूम होऊन परतला कीं त्यास हळूहळू फिरवून निववावा. मग चारी पायांवरून हात फिरवून कोठें ऊन लागतें काय तें पाहावें. घोड्याचें वजन साडेचारशें-पांचशें किलो, आणि तें सगळें पेलणारे पाय मात्र बारीक. एका पायाची नस दुखावली कीं मालकाचे लाखों रुपये आणि वर्षाची मेहनत गेली. घोड्यानें दाणा टाकला, वरचेवर वळून पोटाकडे पाहूं लागला, तर पोटशूळाची शंका पहिल्यानें मोतद्दारासच येते, आणि ती वेळेवर आली तरच डॉक्टरचा उपयोग. हें ज्ञान पुस्तकांत अर्धेंच मिळतें. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या तरुणासही उरलेलें अर्धें अशा माणसाजवळ उभें राहूनच शिकावें लागेल. असें असून या कामास हलकें म्हणण्याची आमची संवय जात नाहीं.

हडपसरकरांनीं तरी तसें म्हणूं नये. पूनावाला कुटुंबाचा आधींचा उद्योग शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा. निकामी झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे जात, व तेथें त्यांच्या रक्तापासून प्रतिविषाचीं औषधें तयार होत. तेंच काम येथें कां करूं नये, या विचारांतून १९६६ सालीं सिरम इन्स्टिट्यूट निघाली. लशींमुळें ज्या गांवाचें नांव आज जगभर झालें, त्या लौकिकाच्या मुळाशीं घोडा आहे, आणि घोडा म्हटला कीं त्याचा मोतद्दार आलाच.

आतां चाकरी मिळते कशी तें पाहूं. क्लब ट्रेनरास व जॉकीस परवाना देतो. मालक आपला घोडा ट्रेनरच्या हवालीं करून महिन्याचा खर्च देतो. आणि मोतद्दारास कामावर ठेवतो तो ट्रेनर. हा मोतद्दार बहुधा कोणाचा तरी मुलगा, पुतण्या किंवा गांववाला असतो. ओळख हीच सनद. त्यामुळें बाहेरच्या होतकरू मुलास वाव मिळत नाहीं. आणि आंतल्या माणसास आपण नक्की कोणाचे नोकर हें सांगतां येत नाहीं, हें त्याहून वाईट. लाथ बसून बरगडी मोडली म्हणजे मालक ट्रेनरकडे बोट दाखविणार, आणि ट्रेनर क्लबाकडे. बंगलोर टर्फ क्लबाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं शर्यतींच्या क्लबांस कामगार राज्य विम्याचा कायदा लागू होतो असा निकाल दिला. २०२५ च्या नोव्हेंबरांत अमलांत आलेल्या कामगार संहितांनीं नेमणुकीचें पत्र देण्याचें बंधन घातलें. आतां हें सर्व तबेल्याच्या शेवटच्या माणसापर्यंत पोंचविलें पाहिजे. २०२० च्या टाळेबंदींत शर्यती थांबल्या, तेव्हां घोड्याचा दाणा कोणासच थांबवितां येण्यासारखा नव्हता. पण ज्याच्याजवळ कागद नाहीं त्यानें पगार कोणाकडे मागावा?

जॉकी होऊं इच्छिणाऱ्या मुलांस शिकविण्याची सोय क्लबानें केलेली आहे. तशीच ती मोतद्दारांसाठींही करावी. स्वारीस पन्नास किलोंच्या आसपासचें हलकें शरीर लागतें, म्हणून कोंवळें पोर शाळेंतून काढून तबेल्यांत घालण्याचा मोह एखाद्या बापास होईल. चौदा वर्षांखालील मुलास कामास ठेवणें गुन्हा आहे, हें त्यानें विसरूं नये.

घोडेमालकांत व्यापारी पुष्कळ आहेत, व त्यांपैकीं कांहींजण हें पत्र वाचीत असतील. ट्रेनरचा महिन्याचा हिशेब चुकता करतांना, माझ्या घोड्याच्या मोतद्दाराचें नेमणूकपत्र आणि विम्याचा क्रमांक दाखवा, एवढें त्यांनीं विचारावें. आणि क्लबानें पुढील पावसाळी हंगामापूर्वीं मैदानाच्या फाटकावर एक फळा लावावा: कोणत्या तबेल्यांत किती जागा रिकाम्या आहेत, पगार किती, राहण्याची सोय काय, भेटावें कोणास. फळा मराठींत लिहावा.