हरकतदाराचा सातबारा

जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा शासननिर्णय डिसेंबर २०२० मध्ये निघाला आणि त्याच महिन्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीही अमलात आली. पहिल्याची अंमलबजावणी जेथे झाली तेथे पाट्या रंगवून उरकली. दुसरीची पारायणे आपल्या व्यवसायात अद्याप चालू आहेत. समतानगर, भीमनगर, शाहूनगर ही सुचविलेली नावे सर्वथैव योग्य होत, यात शंका नाही. परंतु पाटी बदलल्याने वस्तीचे नकाशातील स्थान बदलत नाही, आणि ते बदलण्याचा अधिकार पाटी रंगविणाऱ्याला नसून, जे तुम्ही-आम्ही विकास योजना आखतो त्यांना आहे.

वाचकांच्या पत्रांत अलीकडे एक गाऱ्हाणे पुनःपुन्हा येते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर हरकत नोंदविण्यास आलेल्या वस्तीकऱ्याकडे आवक खिडकीवरील कारकून सातबारा किंवा मिळकतपत्रिका मागतो, आणि ती नसल्यास ‘हितसंबंध सिद्ध होत नाही’ असा शेरा मारून अर्ज परत करतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २८ ने लेखी सूचना वा हरकत देण्याची मुभा कोणत्याही व्यक्तीस दिली आहे. ती व्यक्ती मालक असली पाहिजे, अशी अट त्यात कोठेही नाही. कलम २६ ची ३० दिवसांची मुदत मात्र कायद्याने न मागितलेला हा कागद हुडकण्यात निघून जाते, आणि नियोजन समितीपुढील सुनावणीची मिसल उघडावी तर तीत बंगलेवाले, बिल्डर व त्यांचे वास्तुविशारद यांखेरीज कोणाचाही अर्ज आढळत नाही. पुढे अहवालात ‘सदर भागातून हरकत प्राप्त नाही’ असे वाक्य बिनदिक्कत लिहिले जाते.

हा कागद वस्तीकऱ्याजवळ का नाही, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. ज्या भूमीवर ही वस्ती गावकुसाबाहेर उभी राहिली, तिच्यातील पुष्कळशी वर्ग ६-ब ची वतनी जमीन. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट झाली, जमिनी नवीन व अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या, आणि तेव्हापासून एकाच उताऱ्यावर मयत पणज्याच्या नावाखाली वारसांची इतकी नावे दाटली आहेत की पोटहिस्सा पाडावा तर परवानगी हवी आणि परवानगी मागावी तर सर्वांच्या सह्या हव्यात. दरम्यान गावाचे शहर झाले, गावकूस पडले, वस्ती शहराच्या पोटात आली. दप्तरात मात्र ती बाहेरचीच राहिली.

एका नगरपरिषदेची प्रारूप योजना नुकतीच आमच्या पाहण्यात आली. विद्यमान जमीनवापर नकाशात तिने पक्क्या विटांच्या, घरपट्टी भरणाऱ्या अशा एका वस्तीवर सरसकट झोपडपट्टीच्या तिरप्या रेघा मारल्या आहेत. आत एकही गल्ली दाखविलेली नाही. साहजिकच प्रस्तावित बारा मीटरचा रस्ता नळकोंडाळ्यावरून आणि विहाराच्या पायऱ्यांवरून सरळ गेला आहे. हाच रस्ता पुढे पेठेत शिरताच एका खाजगी वाड्याला वळसा घालतो. तेथे रचनाकाराची लेखणी अकस्मात मवाळ झाली. वस्तीच्या उतरत्या बाजूस सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे आरक्षण आहे. उतार तिकडेच आहे, असे त्याचे तांत्रिक समर्थन. ते खोटेही नाही. पण ती वस्ती उताराच्याच बाजूस का वसविली गेली, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कंटूर नकाशात सापडणार नाही.

यात केवळ शासनाला दोष देऊन आपली सुटका नाही. उपग्रह-प्रतिमा पडद्यावर मोठी करून कार्यालयात बसल्या बसल्या सर्वेक्षण आटोपणारे सभासद आमच्यातच आहेत. पत्र्याला पत्रा लागलेल्या वस्तीतली चार फुटी गल्ली आकाशातून दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती नाहीच, असे ते धरून चालतात. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. पॅट्रिक गेडीज यांनी हिंदुस्थानातील नगरे पायी फिरून शक्य तितके कमी पाडण्याचा पक्ष मांडला, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात नागरिकशास्त्र व समाजशास्त्र विभागाची धुराही वाहिली. आपल्या परीक्षांत गेडीज यांच्यावर प्रश्न अजून पडतो. आचरण ट्रस्टचे चालते.

तेव्हा ज्या सभासदांच्या नगरांची प्रारूप योजना नजीकच्या काळात प्रसिद्ध व्हावयाची आहे, त्यांना आमची आग्रहाची विनंती आहे. शीटची मोठी प्रत घेऊन वस्तीच्या समाजमंदिरात संध्याकाळी, लोक कामावरून परतल्यावर, जाऊन बसा. गल्ली, नळ, शौचालय, विहार, अभ्यासिका त्यांच्याकडूनच शीटवर उतरवून घ्या. हरकतीचा नमुना मराठीत, एका पानाचा करा, आणि त्यात मालकीचा रकाना ठेवू नका. वस्तीत हरकती स्वीकारण्यासाठी एक माणूस बसवा व प्रत्येक अर्जाची पोच जागेवर द्या. एवढे करूनही खिडकीवर अर्ज परत झाला, तर त्या शेऱ्याची छायाप्रत, सही करणाऱ्याच्या हुद्द्यासह, आमच्याकडे पाठवा. पुढील अंकापासून असे शेरे आम्ही जसेच्या तसे छापणार आहोत.