जुन्या यंत्राचा नवा ताप

आमच्या पणजोबांचे मोडी दफ्तर, एकूण अकरा रुमाल, इंदूरच्या घराच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून होते. हात लावताच कागदाचा चुरा होऊ लागला, तेव्हा प्रत्येक पान संगणकावर उतरवून ठेवण्याचे आम्ही ठरविले. भाच्याने त्यासाठी एक जुने वर्कस्टेशन स्वस्तात मिळविले. इंटेलच्या ५५२० चिपसेटचे, म्हणजे २००९ सालच्या पिढीचे. चार कोरचे दोन झिऑन प्रोसेसर काढून त्याने सहा कोरचे बसविले, ग्राफिक्स कार्ड बदलले, आणि एका निराळ्या कार्डावर वेगवान एनव्हीएमई डिस्क चढविली. यंत्र पुन्हा तरुण झाले. पण वैशाख लागला आणि ते भर दुपारी, काम अर्ध्यावर असताना, एकाएकी बंद पडू लागले. एकदा तर एका रुमालाच्या चाळीस पानांची फाइलच बिघडली.

अशा वेळी चारचौघे जे करतात तेच आम्हीही केले. बाजूचे झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. प्रोसेसरचे तापमान पाहिले, तर ते साठ अंशांच्या आसपास, अगदी निर्धोक. पॉवर सप्लाय बदलला. पैसे वाया गेले. एका दुकानदाराने तर मदरबोर्डच गेल्याचा निकाल देऊन टाकला.

‘‘मामा, चिपसेटकडे आपण पाहिलेच नाही,’’ भाचा म्हणाला. पडद्यावर आकडा होता १०१.

चिपसेट म्हणजे यंत्रातले भुसावळ जंक्शन. ग्राफिक्स कार्ड काय, डिस्क काय, सर्वांची ये-जा याच्यामार्गे. ५५२० ही चिप भर कामात सुमारे २७ वॅट उष्णता टाकते. डोक्यावर बहुधा स्वतःचा पंखा नाही; नुसता पात्यांचा हीटसिंक, आणि जवळून जाणाऱ्या वाऱ्यावर त्याची सारी भिस्त. आम्ही त्याच्या भोवतालचे सारे बदलले, दोन नव्या कार्डांचा भार त्याच्यावर टाकला, आणि त्याची मात्र विचारपूस केली नाही.

झाकण काढणे हीही चूकच होती. वर्कस्टेशनमधील हवेचा मार्ग झाकण बंद आहे असे धरूनच आखलेला असतो. ते उघडले की वारा जवळची वाट धरून निसटतो आणि चिपसेटचा कोपरा कोंदटच राहतो. झाकण लावताच आकडा ९७ वर उतरला. (उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट यंत्रावर सोडण्याचा मोहही आवरावा, ती हवा ओली असते.)

तरीही ९७ फारच. येथे भाच्याची वही कामी आली. जानेवारीत, बदल करण्यापूर्वी, खोली २२ अंशांवर आणि चिपसेट ५७ वर होता, अंतर ३५. आता खोली ३८ वर, चिपसेट ९७ वर, अंतर ५९. म्हणजे वाढलेल्या चाळीस अंशांपैकी सोळा वैशाखाचे, आणि उरलेले चोवीस यंत्राच्या आतले. नुसता आकडा पाहिला असता तर सारा दोष आम्ही उन्हाळ्यालाच दिला असता. आणि चोवीस अंश दोन कार्डांच्या माथी मारणेही पटेना.

वीज तोडून बोर्ड बाहेर काढला, तेव्हा उलगडा झाला. हीटसिंक दोन स्प्रिंगवाल्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर दाबून बसविलेला होता. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन त्यातील एक खुंटी तुटली होती. हीटसिंक एका अंगाला कलला होता आणि खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. चिप आणि धातू यांच्यात हवेची फट पडली की बाहेर कितीही पंखे लावा, उष्णता त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढली, नवी तांदळाच्या दाण्याएवढी लावली. खुंट्यांच्या जागी त्याच स्प्रिंगांसह बारीक स्क्रू घातले. बोर्डाला धातू लागून शॉर्ट होऊ नये म्हणून दोन्ही अंगांना नायलॉनच्या चकत्या दिल्या. आणि बोर्ड वाकू नये म्हणून दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळले. जोर करण्याचे हे काम नव्हे. दाब देण्याचे काम स्प्रिंगचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोली ३७ अंशांवर असताना चिपसेट ७६ वर थांबला. अंतर ३९. जानेवारीपेक्षा जास्तीचे चार अंश नव्या कार्डांचे असावेत, असा भाच्याचा तर्क. ते आम्ही मान्य केले आहेत. बिघडलेली चाळीस पाने पुन्हा उतरविली. आता चार रुमाल उरले आहेत.