भेटीचे वेष्टन

दिवाळी जवळ आली की व्यापारी घरांत भेटवस्तूंची ये-जा सुरू होते. त्यांवरील चकचकीत कागद क्षणात फाडला जातो. त्यावर बहुधा प्लास्टिकचा थर असल्याने त्याचा पुनर्वापरही होत नाही. अपरिग्रहाचा संस्कार जपणाऱ्या घराला हा अपव्यय शोभत नाही.

आपल्याकडे शास्त्रग्रंथ कापडी वेष्टनात जपण्याची रीत जुनी आहे. जपानमध्ये भेटही चौकोनी कापडात बांधतात. त्या कापडास ‘फुरोशिकी’ म्हणतात. २००६ साली तेथील पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी तिचा मुद्दाम पुरस्कार केला.

कृती सोपी आहे. कापडाचा कर्ण पेटीच्या सर्वांत लांब बाजूच्या सुमारे तिप्पट असावा. २५ सेंमीच्या पेटीस ५५ सेंमीचे चौरस कापड पुरते. कापड तिरके पसरून पेटी मध्यभागी ठेवावी. समोरासमोरची दोन टोके पेटीवर दुमडावीत, उरलेल्या दोन टोकांची वर गाठ मारावी.

कापड निवडताना मात्र विवेक हवा. रेशमासाठी कोशातील जीव सहसा उकळत्या पाण्यात मारले जातात. असे वस्त्र मंगल भेटीवर कशाला? दुकानातील सुती ठाणाचा उरलेला तुकडा किंवा जुन्या सुती साडीचा पदर उत्तम. गाठीत दालचिनीची कांडी अथवा गळून पडलेले सुके पान खोवावे, सोबत स्वहस्ते लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

गाठ सुटते, वेष्टन उरते आणि पुढच्या भेटीस पुन्हा उपयोगी पडते.