चोर सोडून ड्रायव्हरला सुळी

मंडळी, पूर्णपणे मेलेला कॉम्प्युटर हा एक सुखाचा प्रकार आहे. बटण दाबलं, काही झालं नाही, उचलला आणि दुकानात नेला. खरा छळ मांडतो तो कधीतरीच बिघडणारा कॉम्प्युटर. दोन तास गेम मस्त चालतो, मग स्क्रीन काळा पडतो, क्षणभराने परत येतो आणि गेम गायब! इव्हेंट व्ह्यूअर उघडावा तर तिथे नोंद: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं, आता तो सावरला आहे. दुसऱ्या दिवशी अख्खी संध्याकाळ काही नाही. तिसऱ्या दिवशी दहा मिनिटांत पुन्हा तेच.

मग सुरू होतो अंगारा-धुपारा. ड्रायव्हर काढून पुन्हा टाक. जुना टाक. डीडीयू घेऊन सेफ मोडमध्ये मुळापासून पुसून टाक. कार्ड काढून पिना खोडरबराने घास. प्रत्येक उपायाला एक छातीठोक साक्षीदार असतोच, "मी हे केलं आणि माझं थांबलं, राव!" माझं मत सांगतो, रागावू नका. यातल्या बहुतेक साक्षी 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला' या जातीच्या असतात. आणि त्यांच्यापायी लोक धडधाकट कार्डं मातीमोल भावाने विकतात.

आधी बिचाऱ्या ड्रायव्हरबद्दल. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून 'टीडीआर' नावाची सोय आहे. ग्राफिक्स कार्डाला काम दिलं आणि दोन सेकंदांत ते पुढे सरकलं नाही, तर विंडोज समजतं की कार्ड अडकलं. ते कार्ड आणि ड्रायव्हर नव्याने सुरू करतं आणि ४१०१ क्रमांकाची नोंद ठेवतं. नोंदीत नाव ड्रायव्हरचं असतं, पण ती सांगते एवढंच की वेळेत उत्तर आलं नाही. का आलं नाही, हे ती सांगत नाही. कार्ड तापलं असेल, पॉवर सप्लायचं व्होल्टेज ऐन वेळी घसरलं असेल, रॅममध्ये एखादा बिट उलटला असेल. काही लोक रजिस्ट्रीत जाऊन त्या दोन सेकंदांचे दहा करतात. लांबलचक रेंडरिंग करणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होतो. गेम खेळणाऱ्याने ते करणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर लपवणं.

आता ड्रायव्हर म्हणजे अगदी संत आहे असं नाही हं. अमेरिकेतल्या एका खटल्यात २००८ साली बाहेर आलेल्या कागदपत्रांनुसार, मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये नोंदवलेल्या व्हिस्टाच्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के क्रॅश एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. तेव्हापासून ड्रायव्हरवर जो ठपका बसला तो बसलाच. पण आधी बदनाम झालेल्यावर नेहमी संशय घेणं आणि तपास करणं, यात फरक आहे.

हा फरक किती महाग पडतो ते बघायचं तर इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचं प्रकरण आठवा. अन्रियल इंजिनवरचे कित्येक गेम सुरू होताना कोसळत आणि निरोप येई, 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी'. कार्डावर २४ जीबी मेमरी असणाऱ्यांनाही हाच निरोप! साहजिकच सगळे कार्डाच्या आणि ड्रायव्हरच्या मागे लागले. प्रत्यक्षात घोळ प्रोसेसरचा होता. गेमचा दाबून ठेवलेला डेटा उलगडताना तोच गणित चुकत होता. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियाने अशा लोकांना सरळ इंटेलकडे जायला सांगितलं. पुढे जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर झिजतात हे इंटेलने मान्य केलं, ऑगस्ट २०२४ पासून बायोससाठी नवे मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झालेली झीज मायक्रोकोडने भरून येत नाही. म्हणजे ड्रायव्हर बदलत बसलेल्या माणसाचा नुसता वेळ गेला नाही, तेवढे दिवस त्याचा प्रोसेसर झिजत राहिला.

मग करायचं काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे शाळेतच शिकवतात. किती वेळ थांबायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे.

समजा क्रॅश सरासरी पाच तासांत एकदा होतो आणि त्याला ठरलेली अशी वेळ नाही. तुम्ही काहीतरी बदललं, दोन तास खेळलात, काही झालं नाही. झालं का दुरुस्त? गणित असं सांगतं की काहीही न बदलता ते दोन तास शांत जाण्याची शक्यता तब्बल ६७ टक्के होती. पूर्ण पाच तास शांत गेले तरी ती ३७ टक्के असते. पंधरा तासांवर ती पाच टक्क्यांवर येते. म्हणून नियम सोपा आहे: दोन क्रॅशमधल्या सरासरी वेळेच्या तिप्पट वेळ शांततेत जात नाही तोवर 'थांबलं' म्हणायचं नाही. एक संध्याकाळ खेळून साक्ष देणाऱ्याने हेच केलेलं नसतं.

गेल्या वर्षी माझा मावसभाऊ, नोकरीचं पहिलंच वर्ष, म्हणाला, "दादा, दुकानदार म्हणतोय कार्ड गेलं, नवं घ्या." म्हणजे तीस-पस्तीस हजारांची फोडणी. मी म्हटलं, थांब, आधी एक वही घे. तारीख, गेम, किती तास खेळलास, कधी कोसळला, एवढंच लिही. चाळीस तासांत आठ क्रॅश झाले, म्हणजे पाच तासांना एक. मग ड्रायव्हर पुसून नवा टाकला: सातव्या तासाला क्रॅश. पॉवर सप्लायपासून कार्डापर्यंत दोन वेगळ्या केबल लावल्या: चौथ्या तासाला क्रॅश. मग बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी बंद केलं. पंधरा तास शांत!

आता खरी परीक्षा. मी म्हटलं, एक्सएमपी पुन्हा चालू कर. तो म्हणाला, "दादा, वेड लागलंय का? आत्ता कुठे चालतंय!" पण केलं. तिसऱ्या तासाला क्रॅश. पुन्हा बंद केलं, पुन्हा पंधरा तास शांत. त्याने पूर्वी रॅमच्या दोन स्टिक होत्या त्यात आणखी दोन वेगळ्या सेटच्या घातल्या होत्या आणि चौघींना ३६०० वर पळवत होता. एक्सएमपीचा वेग हा त्या त्या सेटपुरता तपासलेला असतो. दोन सेट एकत्र करून चार स्टिक त्या वेगाने चालतील याची हमी कुणीच देत नाही. ३२०० वर आणलं, विषय संपला. खर्च शून्य. कार्ड अजून तेच आहे.

जो बिघाड तुम्ही हवा तेव्हा परत आणू शकता आणि हवा तेव्हा घालवू शकता, त्याचंच कारण तुम्हाला सापडलं. बाकी सगळं नशीब.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं म्हणाल. अहो, इथे चाचणी म्हणजे गेम खेळणं! यापेक्षा सुखाची चाचणी कुठे मिळणार? लागतो तो संयम, एका वेळी चार बटणं न दाबण्याचा. शिवाय वॉरंटीसाठी गेलात तर 'कधीकधी बंद पडतो' म्हणणाऱ्याला काउंटरवरचा माणूस घरी पाठवतो. चाळीस तासांची नोंद समोर ठेवणाऱ्याशी त्याला बोलावं लागतं.

आणि आपण आयटीवाले, ऑफिसात काय वेगळं करतो? कधीतरी येणारा बग आला की सर्व्हर रीस्टार्ट करायचा, दिवसभर आला नाही की तिकीट बंद. पंधरा दिवसांनी रात्री दोनला फोन वाजतो तेव्हा शिव्या कुणाला, तर ज्या मोड्यूलचं नाव लॉगमध्ये छापलंय त्याला, आणि ते लिहिणाऱ्या पोराला. त्याचं अप्रेझल त्यात जातं. लॉगमध्ये नाव असतं ते ओरडलेल्याचं. मारणारा कोण, हे शोधावं लागतं.

असो. तुमचाही गेम मधूनच गायब होत असेल तर या वीकेंडला काही बदलू नका. नुसतं खेळा आणि लिहून ठेवा. सरासरी कळल्याशिवाय तिप्पट कशाची करणार?