राजीनामा देण्याआधी सातबारा बघा

परवा पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्याच गावच्या एका पोराचा फोन आला. "दादा, वडिलांची चार एकर पडून आहे. राजीनामा देतो आणि गावी येतो. कसं वाटतं?"

म्हटलं, "ये की. पण आधी सातबारा काढून बघ."

त्यानं काढला. वडील जाऊन तीन वर्षं झाली, वारस नोंदच नाही. 'इतर हक्क'मध्ये सोसायटीचा बोजा तसाच. वारसांत आई आणि दोन बहिणी. म्हणजे ज्याला हा 'माझी चार एकर' म्हणतो, तिच्यात चौघांचा हक्क आहे. बहिणींना गोड बोलून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, याला नियोजन म्हणत नाहीत. आधी घरात बसून मोकळं बोला. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांकडे कलम ८५ खाली वाटणी होते. नावावर जमीन नसेल तर बँक सहसा पीककर्ज देत नाही. मग उरतो सावकार, नाहीतर कृषी केंद्राची उधारी.

आता हिशोब. आमच्याकडे सोयाबीन. नांगरटीपासून मळणीपर्यंत एकरी २२ हजार सहज जातात. २०२४ च्या खरिपात हमीभाव होता ४,८९२ रुपये, आमच्याकडे माल गेला ४,२०० च्या आसपास. एकरी ७ क्विंटल धरा, झाले २९,४००. खर्च जाऊन उरले ७,४००. चार एकरांचे २९,६००. पाच महिन्यांत वाटले तर महिन्याला सहा हजारसुद्धा नाहीत. यात घरच्यांची मजुरी धरलेली नाही आणि पाऊस वेळेवर पडला असं धरलंय!

शेती करू नका असं माझं म्हणणं नाही. पण पीएफचा सगळा पैसा बोअर आणि ट्रॅक्टरमध्ये घालू नका. बोअरला पाणी लागेलच असं कुणी लिहून देत नाही, आणि ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो. दोन वर्षांचा घरखर्च, पोरांची फी, आईचं औषधपाणी, हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि शेतीसाठी त्यांना हात लावू नका. अनुदानाच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. आधी पूर्वसंमती, मग खिशातून खर्च, आणि पैसे त्यानंतर कधीतरी. जमलं तर नोकरी सांभाळून एक खरीप करून बघा.

आणि सरकारलाही एक विचारायचंय. हमीभाव दरवर्षी जाहीर करता, पण खरेदी केंद्र सुरू होईपर्यंत गरजवंताचा माल आडत्याकडे गेलेला असतो. शिकलेली पोरं गावात परत यावीत असं भाषणात सांगता, मग ती आल्यावर त्यांनी कोणत्या भावावर टिकायचं?

त्या पोरानं राजीनामा अजून दिलेला नाही. वारस नोंदीचा अर्ज मात्र टाकलाय. माझ्या मते त्याची शेती तिथून सुरू झाली.

तुमच्या घरची वारस नोंद झाली आहे का? खाली लिहा.