‘असते’ म्हणजे नेमके काय असते?

लोझबान ही कृत्रिम भाषा म्हणजे तर्कवेड्यांचा फावल्या वेळचा खेळ, माणसाच्या सवयी आणि रीतभात तिच्यात मावायच्या नाहीत, असे आम्हांस साहित्याच्या वर्तुळात वारंवार ऐकवले जाते. ऐकवणाऱ्यांनी तिचे व्याकरण उघडून पाहिलेले नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

भाषा विचाराला वळण लावते काय, हे तपासण्यासाठी जेम्स कूक ब्राउन यांनी १९५५ मध्ये ‘लॉगलॅन’ रचायला घेतली. १९८७ मध्ये तिच्यातूनच लोझबान वेगळी निघाली. ‘मी ताहे क्लामा ले झार्शी’ म्हणजे बाजारात जाण्याची मला सवय आहे. (‘मी’ तिथेही मीच, हा गमतीचा योगायोग.) ‘ताहे’च्या जागी ‘दिही’ घातले की तेच जाणे ठरावीक अंतराने होते, ‘नाहो’ने ते एरवीचे, सर्वसाधारण ठरते आणि ‘रुही’ने अखंड. मराठीने भूतकाळात ‘जाई’, ‘जात असे’ अशी सोय ठेवली. वर्तमानात ‘जात असतो’ आहे खरे, पण बराचसा भार एकट्या ‘जातो’च्याच खांद्यावर.

खरी मौज नामापाशी आहे. ‘लोहे शिन्फो’ म्हणजे नमुनेदार सिंह. तो आफ्रिकेत राहतो, हे विधान गीरच्या सिंहांमुळे खोटे पडत नाही. ‘लेहे शिन्फो’ म्हणजे लोकांच्या मनातला साचेबंद सिंह. तो जंगलाचा राजा असतो, मग खरे सिंह बहुतांशी गवताळ माळावर का राहत असेनात! प्रातिनिधिक आणि साचेबंद यांना दोन वेगळे शब्द देणे हा तर्कवेड्यांचा खेळ असेल, तर तो आमच्या समीक्षेने तातडीने शिकावा. ‘ग्रामीण लेखक भाबडा असतो’, ‘स्त्रियांचे लेखन आत्मपर असते’ – ही विधाने ‘लोहे’ची की ‘लेहे’ची? दोन आत्मचरित्रे वाचून ‘असते’ लिहिणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि त्या ‘असते’खाली ज्यांचे लेखन गाडले जाते त्यांना तर बोलायलाच मिळत नाही.

लोझबानच्या भक्तांचीही बाजू आम्ही घेणार नाही. ही भाषा बोलणाऱ्यावर नेमकेपणा लादते, हा त्यांचा दावा इथे टिकत नाही. ‘ताहे’, ‘नाहो’ हे शब्द ऐच्छिक आहेत. नुसते ‘मी क्लामा ले झार्शी’ हेही शुद्ध वाक्यच, आणि ते आपल्या ‘जातो’हूनही मोघम, कारण त्यात काळसुद्धा नाही. शिवाय आपलाच पूर्वग्रह सांगताना ‘लेहे’ वापरण्याइतका प्रामाणिक पूर्वग्रही कुठे भेटायचा? तो बिनदिक्कत ‘लोहे’ म्हणेल, आणि व्याकरण त्याला अडवणार नाही. फक्त दुसरा शब्द उपलब्ध नव्हता, ही सबब त्याला तिथे सांगता येणार नाही.

‘स्त्रियांचे लेखन आत्मपर असते, चर्चा करा’ हा प्रश्न यंदाही कुठल्यातरी प्रश्नपत्रिकेत येईल. त्यातले ‘असते’ कोणत्या जातीचे, हे प्रश्नकर्त्यांनी कंसात छापावे; चर्चा आम्ही त्यानंतर करू.